अंधारात चार महिने

दुकानातल्या बाईंनी तीन घड्याळं काचेवर ओळीने मांडली. "तिन्ही उजेडावर चालतात, काका. सेल बदलायची कटकट नाही. सूटवर शोभतील, बाहीखाली अलगद जातील."

स्वेच्छानिवृत्त ग्रंथपालाने चष्मा पुसला. तबकड्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच साध्या. मात्र तिसऱ्याच्या किमतीत पहिल्यासारखी नऊ आली असती.

"मग फरक कशात?"

"पहिल्याचा पट्टा वर्षभरात सुरकुतेल. मधल्याच्या काचेवर ओरखडा उठत नाही. तिसऱ्याचं तर विचारूच नका. कोणासाठी हवंय?"

"थोरल्या भावासाठी. परवा निवृत्त होतोय."

हे पुतण्याकडून कळलं होतं. दोघा भावांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. वडील गेल्यावर ग्रंथपालाने कोणाला न विचारता त्यांची पुस्तकं उचलून नेली. "मिळाली ना पुस्तकं? आता इकडे फिरकू नकोस," दादा म्हणाला होता. ग्रंथपालाने ते इमानेइतबारे पाळलं.

आता स्वस्त नेलं तर दादा म्हणणार, सात वर्षांची एवढीच किंमत. महाग नेलं तर, पैशाने तोंड बंद करायला आलाय. मधलं नेलं तर, याला आयुष्यात कधी धड ठरवता आलं नाही. आणि ते खरंच होतं.

"तसा तो वापरणार नाहीच," ग्रंथपाल पुटपुटला. "चांगली वस्तू आली की ती कपाटात जाते. लग्नातला सूटसुद्धा अजून तिथेच आहे, कागदात गुंडाळलेला."

"कपाटात? अहो, याला झाडासारखा उजेड लागतो." बाई हसल्या. "मग तिसरंच घ्या. अंधारात याचे काटे थांबतात, पण आत वेळ मोजणं चालू असतं. वर्षाने दार उघडलं तरी काटे गरगर फिरून बरोबर जागेवर येतात. कोणी लक्ष द्यायला नको."

"आणि पहिलं?"

"चार महिन्यांत ठप्प. अधूनमधून कोणीतरी उजेडात ठेवायला हवं."

ग्रंथपालाने पहिल्यावर बोट ठेवलं.

"पहिलं द्या."

"काका, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं. म्हणूनच."

निरोप समारंभाच्या गर्दीत आपला धीर होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तो दुसऱ्याच दिवशी गेला. दादाने दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि बाजूला झाला. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे होते. कोणी बसायला येत नसावं. दादाने ते उचलले, मग बसून ग्रंथपालाने पुढे केलेलं खोकं उघडलं.

"उजेडावर चालतं," ग्रंथपाल म्हणाला. "कपाटात ठेवलंस तर चार महिन्यांनी बंद पडेल. म्हणजे, मी येऊन खिडकीत ठेवत जाईन. तुला चालत असेल तर." वाटेत पाठ केलेलं वाक्य याहून लांब होतं.

"आत्ताच खिडकीत ठेवलं तर?"

"तर बंद नाही पडणार." खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"मग तुला यायलाही नको."

"नको."

दादा खिडकीकडे बघत राहिला. मग उठला, कपाट उघडून घड्याळ चादरींच्या मागे पार आत सारलं आणि दार लावलं.

"किती महिने म्हणालास?"

"चार," ग्रंथपाल म्हणाला, आणि चाचरत, "तीनच धर."