पाचवीची इंग्रजी

माझी बायको रेजिना आमच्या गावच्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते. शिकवत होती, असं म्हणायला हवं; अजून जीभ वळत नाही. शाळा चर्चच्या आवारातली. मीही तिथेच शिकलो, आणि मला पुढे काही जमलं नाही यात शाळेचा दोष नव्हता. आता केळी आणि भाजीपाला पिकवतो.

गेल्या वर्षी शाळेला एकच घोर होता, पटाचा. सहावीला पुरेशी मुलं नसली तर तुकडी बंद, आणि एकदा तुकडी बंद झाली की शाळा बंद व्हायला वेळ लागत नाही. मुलं पळत होती स्टेशनजवळच्या इंग्रजी शाळेत. आईबापांचं तुणतुणं एकच, मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी बोलता येत नाही. हे वाजवणारे सगळे याच शाळेत शिकून बँकांत आणि विमानतळावर नोकरीला लागलेले. पिकतं तिथे विकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रेजिना हट्टी आहे. बोलता येत नाही म्हणता ना, मग बोलून दाखवतो, असं तिने ठरवलं. इंटरनेटवर फुकटचे धडे शोधले, उच्चार ऐकून चूक दाखवणारं ॲप घेतलं, आणि शिक्षकांच्या कुठल्याशा साइटवरून थेट व्हिएतनाममधली एक शाळा गाठली. दर शुक्रवारी ही मुलं आणि ती मुलं व्हिडिओवर समोरासमोर. मी म्हटलं, इंग्रजीच शिकवायची तर एखादा गोरा तरी धरायचास. ती म्हणाली, गोऱ्यापुढे मुलं तोंड उघडत नाहीत. दोन्हीकडची इंग्रजी सारखीच लंगडी असली की कुणी कुणाला हसत नाही.

तिचं खरं ठरलं. तिच्या वर्गातली ज्युड आणि फेलिशियाची मुलगी अनिशा हजेरी द्यायलाही लाजायची. तीच पोर अर्नाळ्याला बोंबील कसे वाळवतात ते हातवारे करत इंग्रजीतून सांगायला लागली. पलीकडून एक मुलगा म्हणाला, आमच्या गावातही असेच वाळवतात, वासही असाच येतो. दोन्हीकडची पोरं नाक दाबून हसत सुटली. रेजिनाने तो प्रसंग मला जेवताना इतक्या वेळा सांगितला की मलाच पाठ झाला. खोटं कशाला बोलू, मलाही बायकोचा अभिमान वाटत होता.

स्नेहसंमेलनात तिने स्टेजवर पडदा लावला आणि सगळ्या पालकांसमोर व्हिएतनामला फोन जोडला. घोकून घेतलेलं काही नव्हतं. तिकडून प्रश्न यायचा, इकडून उत्तर जायचं. फेलिशिया डोळे पुसत होती. टाळ्या थांबेनात. मला वाटलं, जिंकली बाई.

पुढच्याच आठवड्यात दाखले काढायला रांग लागली. इंग्रजी शाळा आजवर या मुलांना मुलाखतीतूनच परत पाठवायची. आता एकेक पोर घडाघडा बोलून प्रवेश पक्का करून आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ज्युड पेढे घेऊन आमच्या घरी आला. खुर्चीत अगदी टोकाला बसला.

"बाई, तुमच्यामुळेच धीर झाला," तो म्हणाला. "आधी वाटायचं, पोरीला तिथे झेपायचं नाही."

रेजिनाने पेढा घेतला आणि अनिशाचं कौतुकही केलं. मी उठून वाडीत गेलो, कारण तोंडातून शिवी निघाली असती.

जूनमध्ये सहावी उघडली नाही आणि पाचवीलाही मुलं आली नाहीत. रेजिना अतिरिक्त ठरली. नको झालेल्या शिक्षकाला सरकारी भाषेत अतिरिक्त म्हणतात. दुसरी शाळा मिळेपर्यंत घरी बसा, असं तिला सांगण्यात आलं.

जुलैमध्ये इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. व्हिएतनामच्या शाळेशी आमची ओळख करून द्याल का, पहिल्या दिवशी येऊन जोडूनही द्या, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, सरळ नाही म्हण. आधी गरज सरो वैद्य मरो, आणि आता मेलेल्या वैद्याकडेच औषध मागतायत.

"मुलं तर तीच आहेत ना," रेजिना म्हणाली. "बोलायचं थांबली तर सगळं विसरतील."

मीच तिला स्कूटरवरून नेलं आणि हॉलच्या दाराशी उभा राहिलो. तिने लॅपटॉप लावला, आवाज तपासला. मग मुख्याध्यापिका कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि रेजिनाला लॅपटॉपच्या मागे उभं राहायला सांगितलं. आमच्या शाळेची मुलं नव्या गणवेशात बसली होती. दोघातिघांनी तिच्याकडे बघून हात हलवला. अनिशा नव्या मैत्रिणींच्या मध्ये होती. तिने मान खाली घातली.

पडद्यावर तीच मुलं आली. बोंबलाच्या वासावर हसलेल्या मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, टीचर रेजिना कुठे आहेत?

मुख्याध्यापिकांनी उत्तर द्यायला अनिशाला खूण केली. अनिशा उठली. तिने आधी मैत्रिणींकडे पाहिलं. रेजिना तिच्यासमोर चार हातांवर उभी होती.

"शी वॉज इन मराठी मीडियम," अनिशा न अडखळता म्हणाली. "शी डझन्ट नो इंग्लिश."

मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, पुढचा प्रश्न. माझ्या अंगाची आग झाली. मी दारातून आत शिरलो, काय बोललो असतो देव जाणे. रेजिनाने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मुलं बोलत होती.