झाकण उघडू नका

आमच्या धाकट्या लेकीचं, उज्ज्वलाचं लग्न ठरलं ते वर्ष दोन हजार बावीस. फागुण होता. सगाईला बारा दिवस उरले होते आणि आमचे मालक रामधन पांढरकवड्याहून टेम्पोत एक रिकामा लोखंडी ड्रम घालून आमच्या बंजारा तांड्यावर आले.

"मानी, नाक लाव अन् सांग, कायचा वास येते."

मी ड्रममध्ये डोकं घातलं. "खाण्याच्या तेलाचा."

"बस! भंगारवाला फवारणीच्या औषधाचा ड्रम फुकट देत होता. म्या म्हटलं, मले व्याही जेवू घालाचा हाय, कपाशीवरची अळी नाही माराची."

मालकांनी तीस वर्षं वणीच्या खाणीतला कोळसा ट्रकवर वाहिला. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा घरी बसले. त्याला चार वर्षं झाली होती. पूर्वी हैदराबाद रोडवरच्या एका ढाब्यावर त्यांनी ड्रममध्ये लटकवून धुरावर शिजवलेलं मटण खाल्लं होतं. ती चव ते विसरले नव्हते. सगाईची बोलणी चालली असताना ते व्याही गुलाबसिंग यांच्यासमोर एकदम बोलून गेले, "सगाईचा बकरा मी माझ्या हातानं, धुरावर करीन."

हे ऐकून माझा भाऊ बाबूसिंग हसला होता. तांड्यातल्या प्रत्येक लग्नात मटणाचा गंज, ते मोठं पातेलं, त्याच्याच हाती. "जवाईबुवा," तो म्हणाला, "तुमी गाडी चालवा. रांधाचं आमच्याकडं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मालकांनी ड्रममध्ये तुराट्या भरून पेटवल्या. जाळ कडुलिंबाच्या फांदीपर्यंत गेला. रंग पापुद्रे धरून गळून पडला. मग आम्ही दोघांनी आतून तारेच्या ब्रशनं घासलं, जवसाचं तेल चोळलं आणि पुन्हा तापवलं. ड्रम आतून काळा, चकचकीत झाला. खाली तीन भोकं पाडून त्यांना पत्र्याच्या झडपा लावल्या. वर आडव्या सळ्या टाकल्या, मटण लटकवायला. मालक लहान मुलासारखे झडप उघडत, झाकत होते.

"हे पाह्य मानी, हवा वाढवली का आग. हवा कमी केली का धूर. अॅक्सिलेटरच हाय हे!"

पहिल्या खेपेला कोंबडी लावली. इथेच घोटाळा झाला. मालकांना कोळसा म्हटला की एकच ठाऊक, खाणीतला. ओळखीच्या ड्रायव्हरकडून त्यांनी अर्धं पोतं आणवलं होतं. दोन तासांनी झाकण काढलं तर कोंबडी पिवळट, आणि वास असा की कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं.

बाबूसिंग कुंपणापाशीच उभा होता. "जवाईबुवा, कोंबडी खाणीतून काढली का? हाजरी लागली तिची?"

त्या दिवशी मालक जेवले नाहीत. सकाळी मला माझी आई आठवली. मी म्हटलं, "तो कोळसा कारखान्याचा. माझी याडी बकऱ्याचं मुंडकं बोरीच्या लाकडावर भाजे. आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी, वाळली बोर पडून हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड उचलली. ड्रम पुन्हा जाळला, घासला, तेल चोळलं. बाभळीचे निखारे आणि वर बोरीचे तुकडे घालून दुसरी कोंबडी लावली. ती आम्ही उभ्या उभ्याच खाल्ली, बोटं चाटत. मालक मध्येच नाचल्यासारखे करत.

सगाईच्या दिवशी सहा वाजता आग पेटली, आठला बकरा लागला. पाहुणे पंचवीस, बकरा एकच. बिघडला तर दुसरा नव्हता. ड्रम किती तापला हे मालक तळहाताच्या मागच्या बाजूनं बघत. घाट उतरल्यावर ट्रकच्या चाकाला हात लावून बघत तसंच. "दुपारी बारा वाजेस्तोवर याले उघडाचं नाही," ते म्हणाले.

मी खडू घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला उज्ज्वलानं अक्षरं शिकवली होती, पण घराबाहेर मी कधी काही लिहिलं नव्हतं. ड्रमच्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "झाकण उघडू नका."

दहाला पाहुणे आले. आमच्या तांड्यात पाहुण्याला रांधपाचं भांडं उघडून दाखवणं हा मान आहे. गुलाबसिंग ड्रमपाशी आले, चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "झाकण उघडू नका. वा! अक्षर कोणाचं हाय?"

"तुमच्या विहीणबाईचं," मालक छाती फुगवून म्हणाले.

"बेस हाय. पाहू तं द्या, आत काय हाय."

व्याह्याला नाही कसं म्हणणार? मालकांनी झाकण काढलं. मग गुलाबसिंगांच्या भावाला दाखवलं. मग नवरदेवाच्या मामाला. प्रत्येक जण आधी माझी अक्षरं वाचे, कौतुक करी आणि मग उघडायला सांगे. पाच वेळा झाकण निघालं.

बारा वाजता मालकांनी ड्रमला हात लावला. "थंडा पडला, मानी." मांडीत सुरी घातली तर ती अडकली. आत लाल पाणी.

बाबूसिंगनं तीन दगडांवर गंज चढवूनच ठेवला होता. "आणा इकडं. तुकडे करतो. घंट्याभरात तर्री होते." तो या वेळी टोमणा मारत नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मालकांनी चिमटा उचलला. "बाबू म्हणते ते बरोबर हाय," ते हळू म्हणाले. आज हा बकरा त्या गंजात गेला, तर हा माणूस पुन्हा कशाला हात लावणार नाही, हे मला कळलं.

मी बाज ओढत आणली, ड्रमला लागून टाकली, घुंगट छातीपर्यंत ओढला आणि बसले.

"हे काय लावलं?"

"विहीण बसली हाय. आता त्यायचा कोणता मर्द इकडं येते, पाहून घेऊ. तुमी लाकडं टाका."

मालक इतके हसले की त्यांना खोकला आला. घुंगट ओढून बसलेल्या विहिणीजवळ व्याह्याकडचा पुरुष जात नाही. मामा मिशी कुरवाळत येत होते, दहा पावलांवर मला पाहून जीभ चावून परत फिरले. गुलाबसिंगांनी मांडवातूनच मान उंच केली आणि खाली बसले.

बायका तेवढ्या आल्या. त्यांच्याकडची जमनी म्हणाली, "विहीणबाई, बकऱ्याची राखण करून राह्यल्या का नवऱ्याची?"

"दोघायची. दोघंही अजून कच्चे हाय."

बायका हसून लोळल्या. मी अडीच तास तिथे बसले. घामानं चोळी भिजली. घुंगटातून काही दिसत नव्हतं, पण निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडला की चर्र आवाज येई. आधी एखादा, मग सारखे. मी मालकांना म्हटलं, "ऐका, बोलून राह्यला तो."

अडीचला त्यांनी झाकण काढलं. मांडीचं हाड धरून ओढलं तर ते नुसतं, कोरडं हातात आलं. मालक हाड उंच धरून मांडवाकडे धावत सुटले, "व्याही! हे पाहा! हे पाहा!"

पंगत बसली. गुलाबसिंगांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. बाबूसिंगनं तीनदा घेतलं आणि हात धुताना म्हणाला, "मीठ जरासं कमी हाय." पुढच्या रविवारी तोच बकऱ्याची मांडी घेऊन आमच्या दारात उभा होता.

माझी खडूची अक्षरं मालकांनी नंतर पांढऱ्या ऑइलपेंटनं गिरवली. ट्रकवर असतात तशी दोन्ही बाजूंना कमळं काढली. अडीच वर्षांत त्या ड्रमवर अकरा घरची जेवणं झाली. दर वेळी राख त्याच दिवशी काढायची, ती ओल धरते आणि लोखंड खाते. पावसाळ्यात ड्रम विटांवर ठेवायचा. महिन्यातून एकदा जवसाचं तेल. हे सगळं ते स्वतः करत. आता मी करते. तेलाचा फडका फिरवताना अक्षरांपाशी हात हलका ठेवते.

रामधन हरसिंग आडे, ट्रक ड्रायव्हर, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी सात वाजता राहत्या घरी वारले.