उतारावरचे एकोणीस

ताईंचा जेवढा भरवसा आकड्यांवर होता, तेवढा माणसांवर नव्हता. माणसांत एकट्या धाकट्या भावाला त्यांनी सूट दिली होती.

दोघं दरवर्षी खाणीमागच्या ओलसर उतारावर दवबिंदू मोजायला जात. दवबिंदू म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारं, नाण्याएवढं रोपटं. पानांवर लाल केस, टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की पान सावकाश, काही घाई नसल्यासारखं, त्याच्यावर वळतं. भावाचं चष्म्याचं दुकान. तो भिंग घेऊन पालथा पडायचा नि आकडा सांगायचा. नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेल्या ताई उभ्या राहून वहीत मांडायच्या.

अकरा मोजण्यांत बासष्टांचे त्रेचाळीस झाले. दर वर्षीच्या घटीपुढे ताईंनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कारण समजत नाही.’

यंदा वनखात्याचे पाहणी अधिकारी सोबत होते. वही बघून म्हणाले, “पंचेचाळीसच्या खाली गेलं, ताई. आता जागा राखीव ठेवता येणार नाही. खाणवाल्यांचा अर्ज टेबलावरच आहे.”

“परत मोज,” ताई भावाला म्हणाल्या.

“दोनदा मोजलेत.”

“तिसऱ्यांदा मोज. गावाला चष्मे देतोस, स्वतःला एक घेतलास का?”

भाऊ उठला नाही. मातीकडे बघतच म्हणाला, “बाकीचे माझ्या गच्चीवर आहेत.”

ताईंनी मनात वजाबाकी केली. “एकोणीस?”

“एकोणीस.”

एवढा चोख हिशोब त्यांना आयुष्यात कधी नकोसा झाला नव्हता.

मोजणी झाली की आठवड्याभराने हा एकटा यायचा, घरचा चमचा घेऊन. मलूल दिसतील ती दोन रोपं उचलायची. एका वर्षी एकच उचललं, का ते त्यालाही आठवेना. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ती मरतात, म्हणून गच्चीवर पावसाचं पाणी पिंपांत साठवलेलं. चिमट्याने एकेक चिलट भरवायचं. बायकोशी इतक्या मायेने वागला असता तर ती माहेरी कमी गेली असती.

“वाचवले गं मी,” तो म्हणाला.

“कोणापासून? तुझ्याशिवाय इथे कोणी हात लावला होता?”

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. “कुंडीतली रोपं मोजणीत धरत नाही. परत लावा. एक उन्हाळा आपल्या बळावर काढला तर पुढच्या वर्षी मोजू. तोवर अर्ज थोपवतो. पण लावून झाल्यावर यांनी पुन्हा उतारावर पाऊल टाकायचं नाही. तसं लिहून द्या.”

ताईंनी तिथेच लिहिलं. अकरा वर्षं जपलेली वही. तिच्यात स्वतःच्या भावाचं नाव घालताना त्यांनी पेन जरासुद्धा उचललं नाही. मग वही त्याच्यापुढे धरली. त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या देखत त्याने एकोणीसच्या एकोणीस रोपं लावली. गच्चीवर लाडाने फुगलेली, उतारावरच्यांपेक्षा दुप्पट. ऊन चढलं तशी त्यांची पानं मान टाकू लागली.

“सवय नाही गं त्यांना.”

“सवय मोडली कोणी?”

“निदान आजच्या दिवस पाणी...”

“नाही.”

“ताई, यातलं एकही जगलं नाही तर?”

“तर आकडा त्रेचाळीस राहील,” त्या म्हणाल्या. आवाज मात्र आकडा सांगतानाचा नव्हता. “चल.”

“थांब. ह्याच्यावर चिलट बसलंय. आपणहून धरतंय का, तेवढं बघू दे.”

पान वळायला तास लागतो, कधी दोन. ताईंना ते ठाऊक होतं, आणि आपण दोन तास थांबलो तर हा संध्याकाळपर्यंत हलणार नाही, हेही.

त्यांनी हात पुढे केला. भावाने क्षणभर त्या हाताकडे बघितलं, मग तो धरून उठला. कोपरांची माती न झटकता, मागे न बघता, तो त्यांच्या पुढे उतरू लागला. चिलट अजून पाय सोडवत होतं. पान अजून सरळच होतं.