सालीसकट बटाटे

यज्ञेश्वर सर कोल्हापूरच्या शेती कॉलेजात मातीशास्त्र शिकवायचे. १९७९ साली मात्र त्यांचा सगळा जीव उचगावच्या आकारामच्या रानात, बटाट्याच्या चार पट्ट्यांत अडकला होता.

या रानाला ओढ्याचं पाणी, आणि ओढ्यात मुलाम्याच्या एका कारखान्याची घाण. मातीत शिसं नि कॅडमियम उतरलेलं. सरांनी एका पट्ट्यात चुना घातला, दुसऱ्यात शेणखत, तिसऱ्यात सुपर फॉस्फेट. चौथा तसाच ठेवला. कशानं बटाट्यात विष कमी चढतं हे दाखवलं की पीएच.डी. हातात. आकारामला मात्र ते एवढंच म्हणाले होते, "खताचा प्रयोग आहे." विषाचं नाव काढलं नाही. गड्यानं घाबरून पीकच उपटलं तर? शास्त्राचं नुकसान झालं असतं ना!

दुसऱ्या वर्षी ऐन काढणीला कॉलेजात तपासणी निघाली. सरांना जाता आलं नाही. आकारामच्या आईनं, चिमणाबाईनं, चार पिशव्या भरून, चिठ्ठ्या बांधून पाठवल्या.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. चारही पिशव्यांत धातू औषधालासुद्धा नाही! गाईड म्हणाले, "मग तुम्ही सिद्ध काय केलंत?" सरांनी तडक उचगावला स्कूटर दामटली.

"काकू, पिशव्यांत बटाटे कुठले भरले होते?"

चिमणाबाई लाजून हसली. "वळकलासा व्हय? रानातलं बटाटं बारकं, खरबुडं. सायबाच्या हातात असला माल द्याचा? बाजारातनं निवडून आणलं की! मुरगूडचं हाय, एक नंबर."

"आणि रानातले?"

"आमी खातोय की. आमाला काय हुतंय? बसा पावणं, भाकरी टाकलीया."

ताट आलं. रश्श्यात बटाटे, सालीसकट. "चव सालीतच असती," म्हातारी म्हणाली. शिसंही सालीतच जास्त असतं, हे सरांच्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात होतं. त्यांनी घास उचलला आणि खाली ठेवला. शेजारी आकाराम दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी कारखान्यापासून शिशापर्यंत सगळं सांगून टाकलं.

आकारामचा हात ताटातच थांबला. चिमणाबाईनं सरांपुढचं ताट उचललं.

"म्हंजे तुमास्नी पयल्यापास्नं ठावं हुतं," ती म्हणाली. "मग दोन वर्सं हितं येऊन काय बगत हुतासा?"