मंगळवारचा लाल दिवा

भगवंतराव पाटलांची मोटार त्या महिन्यात तिसऱ्यांदा माझ्या दुकानात आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि आख्ख्या पिंपळगाव राजात मोटारी मोजून दोन. त्यातली ही एक, खामगावच्या कुणा वकिलाने वापरून वापरून सोडलेली. तक्रार एकच. स्टेअरिंगसमोरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो.

"बॅटरी भरून नाही राह्यली म्हन्ते तो दिवा," पाटील म्हणाले. "मंग तू करून काय राह्यला, निवृत्ती?"

आता हे मला शिकवणार! मी डायनामो उतरवला, कार्बन बदलले, पट्टा ताणला, एकेक वायर चाचपली. दुकानासमोर गाडी चालू करून जरा रेस दिली की दिवा गुपचूप विझायचा. पाटील गाडी घेऊन जायचे आणि पुन्हा दारात हजर. दर खेपेला बुधवारीच.

"मंगळवारी कुठं जाता, पाटील?"

"धामणगाव बढ्याले. काम रायते."

"कोनतं काम?"

"तू दिवा पाह्य ना बे!"

पुढच्या मंगळवारी सकाळी मी पान्ह्यांची पिशवी घेऊन सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही.

गाव सुटलं. गाडी सुरेख पळत होती, दिवा विझलेला. धामणगाव दोनेक मैलांवर आलं आणि पाटलांनी वेग कमी केला. रस्ता मोकळा होता, पुढे ना बैलबंडी ना ढोरं. तरी गाडी बैलाच्या चालीने निघाली, इंजिन नुसतं पुटपुटत राहिलं. आणि लागला की दिवा!

मला हसूच फुटलं. इंजिन इतकं मंद फिरल्यावर डायनामो वीज आणणार कुठून? गाडीत बिघाड नव्हताच. तसं सांगायला मी वळलो, तर पाटील रस्त्याकडे पाहतच नव्हते. ते डावीकडच्या वांग्याच्या वाडीकडे पाहत होते. तिथे एक बाई निंदता निंदता उठून उभी राहिली होती.

ती शालूबाई, त्यांची धाकटी बहीण. धामणगावच्या नारायणरावांना दिलेली. सहा वर्षांपूर्वी बारशाचा आहेर हलका वाटला म्हणून नारायणरावांनी तो परत पाठवला, आणि पाटील चारचौघांत बोलून गेले, "पुन्हा तुमच्या बांधाले पाय लावीन तं बापाचा नाही." नारायणराव केव्हाच निवळले होते. पण आमच्याकडे लेक आपणहून माहेरी येत नाही, माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. पाटील जाईनात, आणि त्यांना डावलून दुसरं कोण जाणार? शालूबाईच्या सहा दिवाळ्या सासरीच गेल्या.

मोटारीत बसलं की पाय जमिनीला लागत नाही. या माणसाने गाडी कशासाठी घेतली ते मला तेव्हा कळलं. मला त्यांचा संताप आला आणि कीवही. माझी एकुलती बहीण देवीच्या साथीत गेली. मला कुणाला आणायला जायचं असतं, तर मी अनवाणी पळत गेलो असतो.

मी हात लांब करून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"हे काय केलं बे?"

"तपासून पाह्यतो."

पाटलांनी घाईने स्टार्टर दाबला. तो एकदा कण्हला आणि गप्प झाला. इतके मंगळवार इथे रेंगाळून बॅटरीत काही उरलंच नव्हतं.

"हॅन्डल मार."

"दुकानात राह्यलं," मी बेधडक ठोकून दिलं. इंजिन हाताने फिरवायचं ते हॅन्डल माझ्या टाचेखाली होतं. "उतरा आता. धक्का द्या लागते."

पाटलांनी स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं.

"उतरलो तं पाय तिकडंच जातीन, निवृत्ती."

"जाऊ द्या ना मंग!"

एव्हाना शालूबाई बांधापर्यंत आली होती. हातात तोंड बांधलेली कापडी पिशवी. बांधाच्या आतच थांबली, रस्त्यावर एक पाऊल टाकलं नाही. पाटलांनी दार उघडलं. खाली उतरले आणि बांध चढताना अडखळले, तर तिनेच त्यांचा हात धरला.

"तुले न्यायले आलो," पाटील म्हणाले. "पन तू पिशवी कधी भरली वं? आत्ताच?"

"नाही दादा," ती म्हणाली. "दर मंगळवारी भरेलच असते. गाडी निंगून गेली का मंग सोडा लागते."