धडधड

मयुराने बाबांच्या दंडाला पट्टा पुन्हा गुंडाळला. पहिल्या आकड्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. दुसरा त्याहून वर निघाला.

“बाबा, बीपीची गोळी घेऊन राहिले ना तुम्ही?”

चंपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. भिवापुरी मिरचीच्या व्यापारात जन्म गेला, पण खोटं बोलणं काही त्यांना जमलं नाही. त्यांनी उशीखालून गोळ्यांची न फोडलेली पट्टी काढून दिली.

“काहून सोडली?”

“तूच म्हणाली होती ना वं, गोळी हृदयाच्या नसाइले गप्प बसवते म्हणून?”

म्हणाली होती. मेडिकल कॉलेजात ती औषधशास्त्रच शिकवायची. ही गोळी नसांना आवरते, हृदयाला पळवणारं रसायन त्यांच्या टोकांतून सांडू देत नाही, असं तिनेच हौसेने समजावलं होतं. एकदम सोडली तर नसा उसळतात, जीवावर बेततं, हेही बजावलं होतं. तेवढं मात्र ते सोयीने विसरले.

“धर्मेंद्रले घाटावर नेलं तवा सारे रडले. माह्या छातीत काहीच नाही, घड्याळासारखी टिकटिक. लोक म्हणे, बाप हाय का गोटा? मले वाटलं, गोळीच रडू देत नाही.” त्यांनी छातीवर हात ठेवला. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ते हसले. “कालपासून पाह्य कशी धडधडते. आला माहा पोरगा.”

मयुराने पट्टीतून एक गोळी काढली. भाऊ गेला होता, आणि ही धडधड त्याची नव्हती. मोकाट सुटलेल्या नसांची होती, ती आता बापालाही नेऊ पाहत होती. खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण नुसतीच गोळी आणि पाण्याचा गिलास पुढे केला.

“घ्या, बाबा. आता मले तुमच्याशिवाय कोण आहे?”

त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि एकदा छाती चाचपली. मग गिळली.

बीपी उतरलं नाही तर दवाखान्यात न्यायचं, म्हणून तिने गाडीची किल्ली जवळ ठेवली आणि त्यांचं मनगट धरून बसली. उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. हळूहळू नाडी निवत गेली. तिच्या जीवात जीव आला.

“मयुरा,” डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “गेला का वं?”

“नाही, बाबा. इथंच आहे.”

चंपतराव ढसाढसा रडू लागले. तिच्या बोटांखाली नाडी मघासारखीच संथ चालली होती.