रौनोच्या घरातला गारठा

रविवारी दुपारी रौनोची बायको सिर्का दारात येऊन उभी राहिली, तेव्हा हिल्काला मनातून आनंद झाला. त्याची तिला लाजही वाटली नाही.

"आमचा हीट पंप नुसता कोमट वारा सोडतोय गं," सिर्का म्हणाली. "मेकॅनिक तीन आठवड्यांनी येणार. घरात पंधरा अंशांच्या वर काटा जाईना. रौनो नकोच म्हणत होता, पण मी आले."

"येते," हिल्का म्हणाली, आणि तिने हत्यारांची पिशवी उचलली.

हिल्का डेअरीत शीतगृहाची मेकॅनिक होती आणि रौनो तिचा सुपरवायझर होता. शीतगृहाचा गॅस गळतोय, वॉल्व्ह मागवा, असं तिने त्याला दोनदा बजावलं होतं. त्याने मागवला नाही. शीतगृह बंद पडलं, चार टन लोणी नासलं, आणि चौकशीत रौनोने सांगितलं, हिल्का दारू पिऊन कामावर यायची. सव्वीस वर्षांची नोकरी एका दिवसात गेली. त्यानंतर सहा वर्षं ती दुकानात गेली की बायका आधी तिच्या टोपलीत बाटली आहे का, ते डोकावून बघायच्या.

घरात रौनो दोन स्वेटर चढवून बसला होता. शेजारी सिर्काचा भाऊ ओइवा कॉफी पीत होता. तो तेव्हा डेअरीतल्या युनियनचा सेक्रेटरी होता आणि हिल्काला काढण्याच्या कागदावर त्याचीही सही होती. त्याला बघून हिल्काला वाटलं, आज देव प्रसन्न आहे.

तिने पंपाच्या आतल्या पेटीची जाळी काढली. ती स्वच्छ होती. रिमोटही हीटिंगवरच होता. पंप जेमतेम सव्वीस अंशांचा वारा टाकत होता. मग ती बाहेर गेली. बाहेरच्या युनिटभोवती रौनोने फळ्यांचं सुबक लाल खोपटं ठोकलं होतं, पुढे बारीक पट्ट्या मारलेलं. तिने मोजलं. अंगणात उणे बारा, खोपट्यात उणे वीस. आत बर्फाची लादी चढली होती. रोग सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आत येऊन तिने सावकाश कॉफी ओतून घेतली.

"ते खोपटं कुणी बांधलं?"

"मी," रौनो म्हणाला. "दिसायला बरं दिसतं."

"पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतो. त्याने सोडलेला गार वारा त्यातच कोंडतो आणि पंप तोच पुन्हा ओढतो. गोठणार नाही तर काय होईल? माहितीपुस्तक वाचलं होतंस?"

"नाही."

"म्हणजे चूक कुणाची?"

रौनोने सिर्काकडे पाहिलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"माझी," तो पुटपुटला. "आता काय करायचं ते सांग."

"सांगते. पण तुझ्या हातून झालेल्या चुकांचा विषय निघालाच आहे, तर शीतगृहाचा वॉल्व्ह कुणी मागवला नव्हता, ते ओइवाला सांग."

"हिल्का, ते जुनं झालं."

"ठीक आहे. मग तीन आठवडे स्वेटरात बस." तिने पिशवी बंद केली.

"रौनो," सिर्का इतक्या शांतपणे म्हणाली की ओइवाने कप खाली ठेवला, "कसला वॉल्व्ह?"

मग रौनोने मान खाली घालून सगळं सांगितलं. हिल्काने दोनदा बजावलं होतं. त्याच्याच लक्षातून गेलं. दारूची गोष्ट बनावट होती.

"मी त्या कागदावर सही केली, रौनो," ओइवा म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

हिल्काने पिशवी उघडली नाही. "खोपटं मोड. एक फळी ठेवू नकोस. बर्फ कोमट पाण्याने उतरव, पात्यांना कुऱ्हाड लावशील तर पंप गेला समज."

रौनो बाहेर गेला. तासभर फळ्या उपसत होता, मिशीवर दंव साचलं होतं. हिल्का खिडकीशी बसून दालचिनीचे दोन पाव खात होती. मधेच त्याने आशेने आत पाहिलं. तिने तिसरा पाव घेतला.

चारच्या सुमारास पंप अडतीस अंशांचा वारा टाकू लागला. सिर्काने तिचे हात हातात घेतले. हिल्काने ते हळूच सोडवून घेतले.

सोमवारी ओइवा डेअरीतल्या जुन्या लोकांमध्ये जाऊन सगळं बोलला. मंगळवारी दुकानात दोघीतिघींनी हिल्काला आपणहून नमस्कार केला. नोकरी मात्र परत आली नाही, तिचं वयच निघून गेलं होतं. रौनो वाटेत भेटला की टोपी काढतो. ती त्याच्याकडे एकदाही बघत नाही, आणि तो टोपी काढायचं थांबवत नाही, याचं तिला अजून बरं वाटतं.